रविवारची न्याहारी

"आज आम्ही बाहेर जेवलों" हें वाक्य आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय गृहस्थाला अजूनही थोडें खालच्या आवाजांतच उच्चारावें लागतें. त्यांत पाप आहे असें आतां कोणी म्हणत नाहीं. पण घरांत धडधाकट माणसें असतां, डब्यांत पीठ आणि टोपलींत भाजी असतां, परक्याच्या हातचें पैसे मोजून खावें, यांत कांहींतरी उणेपणा आहे, अशी एक समजूत मनाच्या तळाशीं गाळासारखी बसलेली असते. आमच्या लहानपणीं बाहेर खाणें हा वर्षांतून दोन किंवा तीन वेळां घडणारा समारंभ होता. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे वडील आम्हां भावंडांना स्टेशनाजवळच्या उडुपी हॉटेलांत नेत, मसाला डोसा खाऊं घालीत, आणि परत येतांना "घरीं जेवायचं आहे, विसरूं नका" अशी ताकीदही देत. आई आमच्याबरोबर कधीं आल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ती कां येत नसे, हा प्रश्नही त्या काळीं आम्हांस पडला नाहीं. तो पडावयास आम्हांस वयाचें पंचावन्नावें वर्ष आणि वसईच्या एका वाडींतलें कॅफे लागलें, ही गोष्ट येथें प्रांजळपणें सांगावयाची आहे.

आमची कन्या मुंबईंत नोकरी करते आणि आठवड्याचे सहा दिवस तिचें दर्शन आम्हांस सकाळच्या घाईंत व रात्रीच्या जांभईंत होतें. गेल्या डिसेंबरांत एका शनिवारीं रात्रीं ती म्हणाली, "बाबा, उद्यां आपण ब्रंचला जाऊं. गिरिजच्या बाजूला एका जुन्या घरांत छान कॅफे निघालं आहे." इंग्रजीच्या अध्यापकापुढें एखादा नवा पदार्थ ठेवला, तर तो आधीं त्याच्या नांवाची जन्मपत्रिका मांडतो आणि मग चव घेतो. त्या सवयीनें आम्हीं तिला सांगितलें कीं, 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' या दोन शब्दांचा हा संधि १८९५ सालीं गाय बेरिंजर नांवाच्या एका इंग्रज लेखकानें 'हंटर्स वीकली' या पत्रांत निबंध लिहून पुढें आणला. रविवारीं प्रार्थनेहून परतल्यावर जड जेवणावर बसण्यापेक्षां उशिरानें उठावें, चहाकॉफीनें आरंभ करावा आणि मग भरीव पदार्थांकडे वळावें, असें त्याचें म्हणणें होतें. शनिवारची रात्र जागविणाऱ्या मंडळींची सोय हा त्यांतला एक ठळक मुद्दा होता. आम्ही शनिवारीं रात्रीं दहाला झोपतों. तेव्हां या शोधाचा आम्हांस उपयोग काय? शिवाय सकाळ आणि दुपार यांच्यामधल्या खाण्याला 'न्याहारी' हा उत्तम शब्द मराठींत असतां ही उसनवारी कशाला? येथें आमच्याच विद्वत्तेनें आम्हांस थोडा दगा दिला; कारण 'न्याहारी'चें नातेंही 'नहार' या अरबी-फारसी शब्दाशीं आहे, हें आम्हांस लगेच आठवलें. कन्या म्हणाली, "बाबा, हें सगळं तिथं बसून सांगा. साडेनवाला निघूं."

स्वयंपाकघरांतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला, "मग मी कुकर लावून ठेवतें. तिथलं नाहीं आवडलं, तर घरीं येऊन चार घांस खातां येतील."

वसईंत राहून आम्हांस २६ वर्षें होत आलीं. पण वसई पाहिली आहे असें छातीला हात लावून म्हणवत नाहीं. बाहेरगांवच्या मनुष्यास वसई म्हणजे 'वसई रोड' स्टेशनाचा पूल, रिक्षांची रांग आणि इमारतींची दाटी, एवढीच ठाऊक असते. आणि आम्ही येथें राहूनही जवळजवळ बाहेरगांवचेच होतों. सकाळीं गाडी पकडावयाची, रात्रीं गाडींतून उतरावयाचें. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. पुढें कित्येक दशकें या मार्गानें वसईची भाजी, फुलें, केळीं आणि विड्याचीं पानें मुंबईस जात राहिलीं. अलीकडे जातात तीं मुख्यतः माणसें. २००९ सालीं वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेंत या शहराची वस्ती १२ लाखांवर गेलेली दिसली, आणि २०१४ सालीं ठाण्यापासून निराळा होऊन पालघर जिल्हा जन्मास आला. या सगळ्या आंकड्यांत आमचेंही एक बिऱ्हाड आहे, तेव्हां गर्दीची तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परंतु पापडी मागें पडली, म्हणजे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही अंगांनीं हिरवळ चालूं लागते. नारळी, केळी, मधूनच एखादा जुना आंबा, आणि घरांच्या मागें बावखलें. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचें खोदीव तळें. समुद्र इतका जवळ असूनही येथल्या विहिरी गोड्या राहिल्या, त्याचें पुष्कळसें श्रेय पावसाचें पाणी जमिनींत मुरविणाऱ्या या बावखलांकडे जातें. त्यांपैकीं अनेक भराव घालून बुजलीं. जीं उरलीं आहेत, तीं उरावींत म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसांनीं हरित वसईची चळवळ उभी केली. तेच दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां आमच्या सोसायटींतल्या अर्ध्या लोकांस आपण त्यांच्या गांवांत राहतों हें प्रथमच कळलें.

कॅफे म्हणजे एक जुनें कौलारू घर होतें. पुढें ऐसपैस ओटी, तिच्यावर आणि आंतल्या माजघरांत मिळून आठ मेजें. मागें विहीर, विहिरीपलीकडे लहानसें बावखल आणि त्यांत गुलाबी कमळें. मालक हा त्याच घरांतला तरुण. जहाजावरच्या भटारखान्यांत आठ वर्षें काढून तो परत आला आणि वडिलार्जित वाडी विकण्याऐवजीं घराच्या ओटीवर त्यानें हा उद्योग मांडला. पदार्थांच्या यादींत ऑम्लेटें, पॅनकेक आणि ॲव्होकॅडो लावलेला भाजका पाव हे अपेक्षित पाहुणे होतेच. पण त्यांच्या शेजारीं नारळाच्या दुधांत पीठ भिजवून तळलेले येथल्या ख्रिस्ती घरांतले फुगे होते, आणि एका पॅनकेकावर मधाऐवजीं सुकेळीं घातलीं होतीं. राजेळी केळें सोलून उन्हांत सुकविलें म्हणजे त्याचें सुकेळें होतें. वसई-आगाशीकडची ही जुनी मिठाई आम्हीं २६ वर्षांत दोनदां खाल्ली होती, आणि दोन्ही वेळां ती मुंबईच्या पाहुण्यांसाठीं विकत घेतली होती.

यादी वाचतां वाचतां आमच्यांतला अध्यापक पुन्हां जागा झाला. आम्हीं कन्येला सांगितलें कीं, पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा त्यांचाच, मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. आणि १५३४ पासून १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला घेईपर्यंत तब्बल २०५ वर्षें हे लोक येथें, या पांचसात मैलांच्या आंत, नांदत होते. तेव्हां परक्या अन्नाचा विटाळ मानणाऱ्या मनुष्यानें निदान वसईंत तरी तोंड उघडूं नये. हें व्याख्यान आम्हांस स्वतःलाच फार आवडलें. किमतींच्या रकान्याकडे दृष्टि गेली, तेव्हां मात्र तें थांबलें. ऑम्लेटाचे २८० रुपये! आम्हीं मनांतल्या मनांत अंड्यांचीं डझनें मोजूं लागलों.

आतां मुख्य गोष्ट. वाढपी मुलानें विचारलें, तेव्हां कन्येनें तिचें सांगितलें, आम्हीं आमचें सांगितलें. मग त्यानें आमच्या कुटुंबाकडे पाहिलें. ती म्हणाली, "मी यांच्यांतलंच थोडं खाईन." कन्येनें आग्रह धरला, तेव्हां यादी न पाहतांच ती त्या मुलाला म्हणाली, "ज्याला कमी खटाटोप असेल, तें द्या." मुलगा गोंधळला. त्याच्या शिकवणुकींत अशा उत्तराची सोय नव्हती. अखेर कन्येनेंच तिच्यासाठीं सुकेळ्यांचा पॅनकेक मागविला.

योगायोग असा कीं तोच प्रथम आला. वाफा निघत होत्या, गुळाच्या पाकाचा वास येत होता. तिनें बशी पाहिली आणि सहजपणें, जणूं हात आपणहून चालला आहे अशा रीतीनें, ती आमच्यापुढें सरकविली. आणि आम्हीं काय केलें? आम्हींही तितक्याच सहजपणें ती जवळ ओढली, काटा उचलला आणि पहिला घांस तोंडांत घातला.

"बाबा," कन्या म्हणाली, "तें आईचं आहे."

तिच्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर आम्हीं कांहीं उत्तर शोधलें असतें. आम्ही ओशाळलों, बशी परत सरकविली. पण गंमत अशी कीं बशी परत मिळाल्यावरही आमचें कुटुंब खाईना. "तुमचं येऊं दे," ती म्हणाली. आमचें यावयास दहा मिनिटें लागलीं, कन्येचें त्याहून उशिरां आलें. आणि आम्हां दोघांचे दोनदोन घांस होऊन चव बरी असल्याची ग्वाही मिळाल्यावर तिनें आपला निवालेला पॅनकेक खाण्यास आरंभ केला. गरम पदार्थ समोर आला असतां तो आधीं स्वतः खावा, ही गोष्ट तिला जमत नव्हती.

इतक्यांत दाराशीं हालचाल झाली. गिरजांतली मिस्सा आटोपून त्या घरची आजी परत आली होती. तांबडें लुगडें, कानांत सोन्याचे जुने दागिने, वय ऐंशीच्या पलीकडचें. ओटीवरच्या पहिल्या मेजाशीं एक खुर्ची मोकळी ठेवलेली होती. गर्दी असूनही तेथें कोणास बसूं दिलें नव्हतें. आजी त्या खुर्चींत बसल्या, आणि तो तरुण मालक चार गिऱ्हाइकांची मागणी तशीच ठेवून आंत गेला व फुग्यांची आणि अंड्याची बशी स्वतः घेऊन आला. आमच्या शेजारच्या मेजावरचे गृहस्थ किंचित् कुरकुरले. तेव्हां तो हसून म्हणाला, "माफ करा साहेब. ह्या घरांत रविवारची पहिली बशी आजीची. तिचं झाल्याशिवाय चुलीवरून दुसरं कांहीं उतरत नाहीं."

निघतांना आमचें कुटुंब आजींजवळ थांबलें. आजी त्यांच्या कादोडी बोलींत बोलत होत्या; आम्हांस अर्धें कळलें, अर्धें नातवानें समजावून दिलें. ब्रंच या शब्दाचें त्यांना मुळींच कौतुक नव्हतें. त्या म्हणाल्या, हें तर आम्ही पूर्वीपासून करीत आलों. पुरुषमाणसें पहांटे अंधारांत उठून रहाट जुंपीत, वाफ्यांना पाणी सोडीत. नऊसाडेनवाला त्यांची न्याहारी घेऊन मी वाडींत जाई. तांदळाची भाकरी, सुक्या मासळीची चटणी. आंब्याखालीं बसून तीं जेवत. आमच्या कुटुंबानें विचारलें, "आणि तुम्ही?" आजी हसल्या. म्हणाल्या, टोपली रिकामी झाली तर घरीं येऊन पेज. टोपलींत उरलें तर वाटेनें चालतां चालतां. मग नातवाकडे हात करून त्या म्हणाल्या, ह्याला लहानपणीं ही गोष्ट मीं सांगितली होती, ती ह्यानें लक्षांत ठेवली.

घरीं येतांना रिक्षांत आमचें कुटुंब बरेंच गप्प होतें. आम्हीही गप्प होतों. पण आमच्या गप्प बसण्याचें कारण निराळें होतें.

आम्ही गेलीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांना अठराव्या शतकांतील इंग्रजी निबंध शिकवितों, आणि त्या ओघांत लंडनच्या कॉफीगृहांचें वर्णन मोठ्या रंगानें करतों. १६५२ सालीं तेथें पहिलें कॉफीगृह निघालें. एक पेनी टाकली कीं कोणीही आंत बसावें, सरदाराच्या मांडीला मांडी लावून दुकानदारानें वर्तमानपत्र वाचावें, वाद घालावा. त्याच मेजांवर वाचला जाणारा 'स्पेक्टेटर' १७११ सालीं निघाला आणि निबंधाला नवें वळण लागलें. समतेची केवढी ही पाठशाळा, असें म्हणून आम्ही तास संपवितों. त्या मेजांशीं गिऱ्हाईक म्हणून स्त्रिया सहसा बसत नसत, हें आम्हांस ठाऊक आहे. पण तें वाक्य आमच्या टिपणांत कधीं आलें नाहीं.

आपल्याकडचें उदाहरण तर याहून जवळचें आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं नामांकित मंडळींस बोलावणें झालें. तेथें चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. पुढें त्यांचीं नांवें छापून आलीं आणि एका पेल्यानें सारें शहर ढवळून निघालें. टिळक त्यांत होते, रानडे त्यांत होते. ग्रामण्य झालें, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें, प्रायश्चित्तें झालीं. आज आपण तो प्रकार वाचून हसतों, आणि हसण्याचा आपणांस अधिकारही आहे. कारण कोणाच्या पंक्तीला कोण बसतो, हा प्रश्न शहरांतल्या सुशिक्षितांनीं निदान हॉटेलांत तरी निकालांत काढला. पण घराबाहेरची पंगत मोडतांना घराच्या आंतली पंगत कोणी मोडली? आधीं पुरुष आणि मुलें, मग बायका, ही दुसरी पंगत आमच्या आजोळीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. बायका जेवावयास बसत तेव्हां दोन वाजलेले असत, आणि आमटीला पाणी घातलेलें असे.

आमच्या स्वतःच्या घरीं असें कांहीं नाहीं, असें आम्ही अभिमानानें सांगत आलों. लग्न झाल्यावर आम्हीं मेज घेतलें, चार खुर्च्या घेतल्या, सर्वांनीं एकत्र जेवावयाचें असा नियम केला. तो नियम आम्हीं तंतोतंत पाळला. फक्त आम्हांस पोळी तव्यावरची लागे. त्यामुळें चौथी खुर्ची तीस वर्षें बहुधा रिकामीच राहिली, आणि तिची मालकीण चार पावलांवर तव्यापाशीं उभी राहिली. तिनें एका बँकेंत २७ वर्षें नोकरी केली. संध्याकाळच्या गाडींत बायकांच्या डब्यांत गवार मोडली, मटार सोलले, मेथी निवडली. विरारच्या गाडीनें जाणाऱ्या कोणत्याही स्त्रीला हें नवें नाहीं. घरीं आल्यावर ती भाजी चुलीवर चढे. आमची शेवटची पोळी वाढून झाली म्हणजे ती बसे, आणि तोंवर आम्ही हात धुऊन बातम्या लावलेल्या असत. दुसरी पंगत आमच्या घरींही होती. एकाच माणसाची होती, म्हणून आम्हांस दिसली नाहीं.

त्यानंतर आम्ही त्या कॅफेंत पुन्हां गेलों. एकदां नव्हे, अनेकदां. आमचे एक सहकारी आहेत, त्यांना हें आवडलें नाहीं. ते म्हणाले, "घरच्या अन्नाची सर हॉटेलाला येत नाहीं. कुटुंब एकत्र राहतं तें चुलीभोंवतीं." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आमच्या कुटुंबाच्या हातच्या वरणाची सर कोणत्याही ऑम्लेटाला येणार नाहीं, हें आम्ही शपथेवर सांगूं. पण चुलीभोंवतीं एकत्र राहणाऱ्या कुटुंबांत चुलीकडे तोंड करून कोण असतें आणि पाठ करून कोण असतें, एवढें तरी त्यांनीं घरीं गेल्यावर पाहावें, अशी आम्हीं त्यांना विनंति केली.

कॅफेविषयीं आमचा भ्रम आहे असें मात्र कोणी समजूं नये. चौथ्या कीं पांचव्या खेपेला आम्ही हात धुवावयास मागें गेलों, तेव्हां विहिरीजवळ दोन बायका बशा घाशीत बसल्या होत्या. तुमची न्याहारी झाली काय, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "गर्दी सरली कीं, साडेबाराला." त्या तरुणाला आम्हीं हें सांगितलें नाहीं, सांगण्याचें धैर्य झालें नाहीं, कारण ती गर्दी म्हणजे आम्हीच होतों. आमच्या घरांतून उठलेली दुसरी पंगत विहिरीपर्यंत सरकली होती, इतकेंच. शिवाय २८० रुपयांचें ऑम्लेट किती घरांना परवडेल? ज्या बाईला तव्यापासून सर्वांत जास्त विश्रांति हवी, तिच्यासाठीं हा मार्ग मुळीं खुलाच नाहीं. म्हणून रविवारच्या या न्याहारीला आम्ही सुधारणा म्हणणार नाहीं. तिनें आम्हांस फक्त एक गोष्ट दाखविली, आणि ती दिसल्यावर घरीं कांहीं करणें भाग पडलें.

काय केलें, तें सांगावयास थोडी लाज वाटते, कारण तें फार लहान आहे. आम्हीं गरम पोळी सोडली. आतां आमच्या घरीं सगळ्या पोळ्या आधीं होतात, निम्म्या आम्ही लाटतों, त्या डब्यांत जातात, आणि मग चारही पदार्थ मेजावर ठेवून सगळीं एकदम बसतात. तव्यावरून थेट ताटांत पडलेल्या, तूप लावलेल्या, फुगलेल्या पोळीचें सुख ज्यानें तीस वर्षें भोगलें, त्यालाच या त्यागाची किंमत कळेल. डब्यांतली पोळी तशी लागत नाहीं. लागते असें जो म्हणतो, तो एक तर उदार असला पाहिजे किंवा खोटारडा. पहिल्या आठवड्यांत आमच्या कुटुंबालाच चैन पडेना. ती दर पांच मिनिटांनीं उठे, मीठ आणी, पाणी आणी, झांकण उघडून पाही. "बैस," असें आम्हीं म्हटलें, कीं ती बसे. आणि पुन्हां उठे. तीस वर्षांची संवय आमचीही होती आणि तिचीही. दोहोंपैकीं तिची अधिक कष्टाची, म्हणून सुटावयासही अधिक कठीण.

फेब्रुवारीअखेरच्या एका रविवारीं आम्ही पुन्हां त्या ओटीवर बसलों होतों. यादी तिनें स्वतः वाचली, फुगे मागविले. पहिली बशी तिची आली. आम्ही कन्येशीं कसल्याशा बातमीविषयीं बोलत होतों. मध्येंच पाहतों, तों बशींतला एक फुगा संपलेला, दुसरा हातांत. आपण कोणाची वाट पाहिली नाहीं, हें तिच्या ध्यानींही नव्हतें. कन्येनें आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं तिला डोळ्यांनींच गप्प राहण्यास सुचविलें. आजी त्यांच्या खुर्चींत होत्या. त्यांचें लक्ष होतें कीं नव्हतें, कोण जाणे.

आम्हीं इंग्रजी शिकवितों, आणि त्या भाषेच्या श्रीमंतीविषयीं आम्हांस आदर आहे. पण एका जागीं ती मराठीपुढें गरीब आहे. इंग्रजींत 'आम्ही' आणि 'आपण' या दोहोंना एकच शब्द. मराठींत 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. लेखक म्हणून 'आम्ही' लिहिण्याची आम्हांस जुनी खोड आहे, हें वाचकांनीं पाहिलेंच आहे. मात्र तीच खोड आमच्या जेवणघरांतही होती, हें आम्हांस उशिरां कळलें. "आम्ही बसतों, तूं वाढ," हें वाक्य आम्हीं तीस वर्षें रोज रात्रीं उच्चारलें, आणि व्याकरणदृष्ट्या त्यांत एकही चूक नव्हती.

हा लेख लिहीत असतां शनिवारची रात्र झाली आहे. बाहेर अवकाळी पाऊस लागला आहे, आणि गिरिजच्या रस्त्यावर उद्यां चिखल होईल असें वाटून, जाणें रहित करावें काय, असा विचार आमच्या मनांत घोळत होता. इतक्यांत आंतून आवाज आला, "अहो, उद्यां जायचं ना आपण? मी कुकर लावत नाहीं."